स्थानिक रेडिओची बातमी: नव्या बातमीदाराने कुठून सुरुवात करावी

रेडिओ ऐकणारा माणूस क्वचितच रिकामा बसलेला असतो. तो गाडी चालवत असतो, कपडे वाळत घालत असतो, आजारी आईच्या उशाशी बसलेला असतो. तुमचं वाक्य त्याच्या कानावर एकदाच पडतं. निसटलं तर मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय नाही. छापील बातम्या लिहून रेडिओकडे वळलेल्यांना ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि या लेखातल्या बहुतेक सूचना तिच्यातूनच निघाल्या आहेत.

हा लेख सार्वजनिक रेडिओवर स्थानिक बातमीदारी सुरू करणाऱ्यांसाठी आहे. सार्वजनिक म्हणजे नफ्यासाठी न चालणारा: परवाना शुल्कावर (म्हणजे घराघरातून प्रसारणासाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर), अनुदानावर किंवा थेट श्रोत्यांच्या वर्गणीवर उभा असलेला. अमेरिकेत बर्कली इथलं केपीएफए हे स्टेशन १९४९ मध्ये श्रोत्यांच्या वर्गणीच्या भरवशावर सुरू झालं. बीबीसीचं पहिलं स्थानिक स्टेशन लेस्टरमध्ये ८ नोव्हेंबर १९६७ रोजी लागलं. काठमांडूचं रेडिओ सगरमाथा १९९७ चं. तिघांचे कायदे निराळे, पैशाची वाट निराळी, पण बातमीदाराचं काम तेच: स्टेशनच्या टप्प्यात राहणाऱ्या लोकांना त्यांच्याच गावची सभा, त्यांचीच नदी, त्यांचीच शाळा समजेल अशी ऐकवायची.

आधी आठवडाभर ऐका, मग नियम विचारा

कामाला लागण्यापूर्वी आपल्याच स्टेशनच्या बातम्या सात दिवस वही घेऊन ऐका. तीन रकाने आखा. बातमी किती वेळाची होती, कोणाकोणाचे आवाज आले, आणि तासाभरानंतर त्यातलं काय आठवतंय. तिसरा रकाना भरताना फार काही सुचत नाही, तिथे थांबून विचार करा की जे आठवलं ते का आठवलं. बहुतेक वेळा त्यात एखाद्या माणसाचं बोलणं असतं किंवा डोळ्यांसमोर उभी राहिलेली एखादी जागा असते. दुसऱ्या रकान्यात मात्र अधिकारी, पुढारी आणि प्रवक्ते यांची गर्दी दिसेल, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते एका वाक्यापुरते. तुमच्या कामाची दिशा तिथेच कळते.

मग संपादकांसमोर बसून नियम समजून घ्या. काय प्रसारित करता येतं, हे देशागणिक बदलतं. भारतात सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, वाहतूक, पाणी-वीज यांसारख्या नागरी सेवा, परीक्षा, नैसर्गिक आपत्ती यांची स्थानिक माहिती मात्र देता येते, आणि तेवढ्यातही करण्यासारखं पुष्कळ असतं. ब्रिटनमध्ये मतदान केंद्रं उघडल्यापासून बंद होईपर्यंत निवडणुकीच्या मुद्द्यांची चर्चा प्रसारणात थांबवावी लागते. हे नियम पाठच हवेत, कारण थेट प्रसारणात कोणी चुकीचं बोललं तर कायदा शोधत बसायला वेळ नसतो.

पैसा कोणाकडून येतो तेही पहिल्याच आठवड्यात विचारा. देणगीदार कंपनीबद्दल बातमी करायची वेळ येतेच. तेव्हा बातमी सोडायची नाही, आणि ती कंपनी आपल्या स्टेशनला देणगी देते हे बातमीतच उघड सांगायचं. श्रोत्याला ते दुसरीकडून कळलं तर पुढच्या दहा बातम्यांवर त्याचा विश्वास बसणार नाही.

सभेला बसायला शिका

स्थानिक राजकारण म्हणजे पुढाऱ्यांची भाषणं, असं सुरुवातीला वाटतं. भाषणं सगळे टिपतात. तुम्ही सभेच्या आधी विषयपत्रिका मिळवा आणि तिच्यातला सगळ्यात रटाळ शब्दांत लिहिलेला विषय पहिल्यांदा वाचा. ‘लेखाशीर्षांतर्गत तरतुदीच्या पुनर्विनियोजनास मान्यता देणेबाबत’ अशी ओळ दिसली की पेन्सिलीने खूण करा. पुनर्विनियोजन म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणं. आता चार प्रश्न उभे राहतात: कोणत्या कामाचा पैसा काढला, कोणत्या कामाला दिला, किती दिला, आणि ज्यांचं काम राहिलं त्यांना कोणी सांगितलं का? वस्तीतली जलवाहिनी बदलायचे पैसे चौकाच्या सुशोभीकरणाला गेले असतील, तर तुमची बातमी त्या एका ओळीत आहे. सभेत त्या विषयावर कदाचित अर्धा मिनिटही बोललं जाणार नाही.

आणि शेवटपर्यंत बसा. ‘आयत्या वेळचे विषय’ येतात तेव्हा पत्रकारांच्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. मी पहिल्या वर्षी निम्म्या सभा अर्ध्यावर सोडल्या, कारण संध्याकाळच्या बातमीपत्राची घाई असायची. नंतर संपादकांशी बोलून ठरवलं की सभेची मुख्य बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी जाईल, संध्याकाळी फक्त चार ओळी. तेव्हापासून शेवटचे ठराव कानाआड झाले नाहीत. तुमच्या स्टेशनवर हे बोलून पाहा.

सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांशी ओळख ठेवा, काम नसतानाही भेटा. कोणता कागद कोणत्या विभागात असतो हे त्यांना माहीत असतं. कागद सरळ मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. असा कायदा स्वीडनने १७६६ मध्ये केला, अमेरिकेने १९६६ मध्ये, भारताने २००५ मध्ये. उत्तरासाठी भारतात ३० दिवसांची मुदत असते, ब्रिटनमध्ये कामकाजाच्या २० दिवसांची. म्हणजे अर्ज बातमीच्या दिवशी टाकून उपयोग नाही; दर महिन्याला एक टाकत राहा. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. नेमका कागद मागा: अमुक तारखेचा तपासणी अहवाल, अमुक कामाची अदा केलेली बिलं.

निःपक्षपातीपणाबद्दल एवढंच. पूल कमकुवत झालाय असं अभियंत्यांचा लेखी अहवाल सांगतो आणि पुढारी म्हणतात पूल ठणठणीत आहे. दोघांना वीस-वीस सेकंद देऊन मोकळं झालात तर पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला तुम्ही काहीच सांगितलं नाही. अहवाल स्वतः वाचा, तपासणी कोणी, कधी, कशी केली ते सांगा, आणि मग पुढाऱ्यांना विचारा की तुमच्या म्हणण्याला आधार कोणता. उत्तर देण्याची पुरेशी संधी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे: आरोप कोणता आहे हे स्पष्ट सांगून, आणि बातमी जायच्या दहा मिनिटं आधी नव्हे. निवडणुकीच्या काळात उमेदवारांना दिलेल्या वेळेची सेकंदासह नोंद ठेवा.

आवाज गोळा करणं

महागडं यंत्र नसलं तरी चालतं. एक साधा रेकॉर्डर किंवा बरा फोन, एक बाहेरून लावायचा मायक्रोफोन, वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर चढवायचं स्पंजचं किंवा केसाळ आवरण, आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. यातली एक वस्तू घरी राहिली तर परत जाऊन आणावी अशी कोणती, असं विचाराल तर मी हेडफोन म्हणेन.

एका जनसुनावणीत मी हेडफोन न लावता चाळीस मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. पडद्यावर पातळीची पट्टी हलत होती, म्हणून निर्धास्त होते. केबल सैल होती. स्टेशनवर येऊन ऐकलं तर सगळीकडे खरखर. त्या सुनावणीत एका म्हाताऱ्या मच्छीमाराने नदी आपल्या लहानपणी कशी होती हे सांगितलं होतं. सांगता सांगता तो थांबला होता आणि सभागृहात कोणी खुर्चीही हलवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, मनापासून सांगितलं. पण ते थांबणं पुन्हा आलं नाही.

ध्वनिमुद्रणाची मांडणी एकदा ठरवून ठेवा आणि बदलू नका: डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. माणूस नेहमीच्या आवाजात बोलताना पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास जावी, म्हणजे तो मध्येच चिडला किंवा हसला तरी आवाज फाटत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा फटका बसतो. मायक्रोफोन कधीही समोरच्याच्या हातात देऊ नका. अंतर बदलत राहतं आणि मुलाखत कधी संपायची तेही तुमच्या हातात राहत नाही. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर सिग्नलची टकटक मुद्रणात उतरते.

खोलीत शिरलात की बसण्यापूर्वी क्षणभर उभं राहून ऐका. पंखा, टीव्ही, भिंतीवरचं घड्याळ, फ्रीज. फ्रीजची घरघर बोलताना जाणवत नाही, पण तुम्ही दोन वाक्यं कापून जोडता तेव्हा ती मध्येच तुटते आणि जोड उघडा पडतो. विनंती करून फ्रीज बंद करायला सांगा, आणि आपल्या गाडीची किल्ली त्याच फ्रीजमध्ये ठेवा. रेडिओतली ही जुनी युक्ती आहे: किल्ली घेतल्याशिवाय निघता येत नाही, म्हणून फ्रीज चालू करायचं राहत नाही.

मुलाखत झाल्यावर निघायची घाई करू नका. त्याच खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिटभर नुसती शांतता मुद्रित करा. प्रत्येक जागेच्या शांततेचा पोत वेगळा असतो, आणि संपादनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला तीच लागते. बाहेर आलात की त्या जागेचे आवाज घ्या, प्रत्येक किमान दोन मिनिटं, मध्ये न बोलता: पंपाचा, शाळा सुटल्याचा, चिखलातून जाणाऱ्या पावलांचा. लांबून एकदा, जवळून एकदा. कागदपत्रांवर आधारलेल्या कोरड्या बातमीतही असा एक आवाज असला की ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

मुलाखत

पहिला प्रश्न नेहमी तोच: तुमचं नाव सांगा, आणि तुम्ही काय करता ते तुमच्या शब्दांत सांगा. यातून आवाजाची पातळी जुळते, नावाचा उच्चार नोंदला जातो, आणि समोरचा माणूस बोलता होतो. मुद्रण चालू आहे आणि ते प्रसारित होणार आहे हे आधी सांगा. संमतीही मुद्रित करा. काही गोष्टी नाव न देता सांगायच्या असतील तर अटी बोलणं सुरू होण्यापूर्वी ठरवा. लहान मुलांशी पालकांच्या संमतीशिवाय बोलू नका. आवाज ही ओळखच असते, त्यामुळे नाव वगळलं म्हणजे माणूस झाकला गेला असं समजू नका. धोका असेल तर त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा.

‘तुम्हाला कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘वाईट वाटलं’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी क्रम विचारा. पाणी शिरलं तेव्हा तुम्ही घरात कुठे होतात? पहिल्यांदा काय उचललंत? मग कोणाला फोन केलात? माणूस प्रसंग सांगू लागला की भावना त्याच्या आवाजात आपोआप येते. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात पाच मोजा आणि गप्प राहा. सगळ्यात नेमकं वाक्य पुष्कळदा त्या गप्पपणानंतर येतं. आणि ‘हो, हो’, ‘बरोबर’ असं पुटपुटायची सवय आजच सोडा. मान हलवून दाद द्या. तुमचं ‘हो’ समोरच्याच्या आवाजावर चढलं की ते वाक्य कापता येत नाही.

अधिकाऱ्यांची मुलाखत वेगळी. ते विभागाच्या भाषेत बोलतात: ‘उचित कार्यवाही प्रस्तावित आहे.’ भांडू नका. सौम्यपणे म्हणा, ‘हे ऐकणाऱ्या आजीला कळेल असं सांगाल का?’ बरेच जण सांगतात, आणि पहिल्यापेक्षा चांगलं सांगतात. नाही सांगितलं तर पुढचा प्रश्न: कोण करणार, कधीपर्यंत?

पर्यावरणाची बातमी

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण स्थानिक रेडिओचा खरा उपयोग मला इथे दिसतो. नदी, हवा, कचरा यांच्या बातम्या एका दिवसात घडत नाहीत. पूर येतो, आग लागते, मासे मरून तरंगतात, तेव्हा राजधानीतले कॅमेरे येतात आणि तीन दिवसांत जातात. कारण मात्र आधीची दहा वर्षं साठत असतं. त्या दहा वर्षांत तिथे असतो तो स्थानिक बातमीदार.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर घ्या. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराच्या पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदी केला गेला. नदीचं पाणी जुन्या नळांना जास्त खाणारं होतं आणि त्यावर करायची गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही. नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. लोक रंगीत, वास येणाऱ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि पाणी सुरक्षित असल्याचं त्यांना सांगितलं जात होतं. राज्यातलं सार्वजनिक रेडिओ स्टेशन, मिशिगन रेडिओ, या बातमीवर टिकून राहिलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा जुन्या स्रोताकडे वळलं. नव्या बातमीदाराने यातून एक गोष्ट उचलावी: लोक हातात बाटली घेऊन येतात तेव्हा ती बाटली बघायला जायचं, आणि ‘सुरक्षित आहे’ असं उत्तर मिळालं तर नमुना कुठून, कधी, कोणी घेतला हे विचारायचं. नमुना घेण्यापूर्वी नळ पाच मिनिटं सोडून ठेवला तर नळात साचलेलं शिसं वाहून जातं आणि आकडा खाली येतो. हा एक प्रश्न विचारता यायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

आता आकडे. पर्यावरणाच्या अहवालात ते खच्चून भरलेले असतात आणि रेडिओवर ते पाण्यासारखे ओघळून जातात. एका बातमीत दोन आकडे पुरेत. त्यातला मुख्य आकडा ऐकणाऱ्याच्या मापाने सांगा. पाण्यातल्या शिशासाठी तेव्हा अमेरिकेत कारवाईची पातळी १५ भाग प्रति अब्ज होती. एक अब्जातला एक भाग म्हणजे सुमारे ३२ वर्षांतला एक सेकंद. एवढंसं शिसं लहान मुलाच्या मेंदूला घातक ठरू शकतं, हे वाक्य त्यानंतर आलं की ते लागतं. हवेतल्या पीएम २.५ कणांचं तसंच: माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा सुमारे तीस पट बारीक, म्हणून ते फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची मर्यादा वार्षिक सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांच्या सरासरीला १५ अशी ठरवली. तुमच्या देशाची मर्यादा बहुधा वेगळी असेल. कोणत्या मर्यादेशी तुलना करताय ते सांगितल्याशिवाय ‘मर्यादेच्या आत’ हे शब्द वापरू नका.

एक शब्दप्रयोग तर फारच घात करतो: ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’. ऐकणाऱ्याला वाटतं, येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निश्चिंत. त्याचा अर्थ इतकाच की दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता एक टक्का असते, यंदा आला असला तरी पुढच्या वर्षीही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात अशा जागेवरचं घर एकदा तरी बुडण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारातली एक. हे सांगा. घर बांधायला निघालेल्या श्रोत्याला त्याचा उपयोग आहे.

शास्त्रज्ञांना फोन करताना एकच कोट मागू नका. आधी विचारा, ‘मी यात कुठे चूक करण्याची शक्यता आहे?’ बहुतेक जण आनंदाने समजावतात. आणि जोडीला ज्याने ती नदी चाळीस वर्षं पाहिली त्यालाही विचारा. मासे कोणत्या महिन्यात कमी झाले, फेस आधी कुठे दिसला, हे त्याला ठाऊक असतं. कारण शोधायला शास्त्रज्ञांना तीच माहिती लागते.

ऐकण्यासाठी लिहिणं

प्रकार तीन-चारच. निवेदकाने वाचायची चार-सहा वाक्यं. तुमच्या आवाजातला वृत्तांत. तुमचं निवेदन आणि लोकांचे आवाज गुंफलेला तीन-चार मिनिटांचा वृत्तांत. आणि निवेदक-बातमीदार संवाद. नव्याने शिकताना तिसऱ्या प्रकारावर मेहनत घ्या, बाकीचे त्यातून येतात.

समजा, कचरा डेपोच्या उतारावर एक वस्ती आहे आणि तिथल्या चार विहिरींचं पाणी अयोग्य ठरलं आहे. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘कचरा डेपोतून झिरपणाऱ्या दूषित द्रावामुळे परिसरातील चार विहिरींमधील पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे आरोग्य विभागाने काल जारी केलेल्या अहवालात नमूद करण्यात आले आहे.’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. श्वास पुरत नाही, आणि ‘कोण काय म्हणालं’ हे शेवटी कळतं, तोवर विहिरी विसरल्या जातात. तेच रेडिओसाठी:

‘चार विहिरींचं पाणी पिऊ नका, असं आरोग्य विभागाने काल सांगितलं. या विहिरी कचरा डेपोच्या उतारावर आहेत. कचऱ्यातून झिरपलेलं पाणी त्यांच्यात उतरतंय.’

मग बादली पाण्यात पडल्याचा आवाज, तीन सेकंद. मग तुम्ही: ‘ही त्यातली पहिली विहीर. वस्तीतल्या बायका हे पाणी फक्त धुण्याला वापरतात, आणि ते काल ठरलेलं नाही.’ आणि लगेच त्यांच्यातल्या एका बाईचा आवाज, तिच्या बोलीत: ‘दोन वर्सं झाली, कापडं पिवळी पडतात म्हनून प्यायचं आम्हीच सोडलं.’

इथे काय केलं ते पाहा. एका वाक्यात एकच गोष्ट. तुमचं शेवटचं वाक्य तिच्या बोलण्याची वाट मोकळी करतं, पण तिचं बोलणं आधीच सांगून टाकत नाही. आकडा, तारीख, पदनाम हे तुम्ही सांगायचं, अनुभव तिने. आणि तिची बोली तशीच ठेवायची. प्रमाण भाषेत पुन्हा बोलायला लावलं तर वाक्य शुद्ध होईल, पण वस्तीतला श्रोता पुन्हा असं बोलायला पुढे येणार नाही.

तुमच्या वाचनाचा वेग स्वतः मोजा: एक मिनिट मोठ्याने वाचा, शब्द मोजा, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नावापूर्वी पद सांगा. ‘उपरोक्त’, ‘सदर’, ‘अनुक्रमे’ हे शब्द कानाला नकोतच. ‘अनुक्रमे’ ऐकलं की ऐकणारा मागे मोजायला जातो आणि पुढचं हरवतो. वाचताना समोर एकच माणूस बसलाय असं समजा. तयार वृत्तांताची ध्वनिपातळी स्टेशनच्या मापाला लावा; युरोपात उणे २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं एकक), अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओत उणे २४.

काही घडलेलं नसताना जा

वस्त्यांमध्ये बातमीदार फक्त दुर्घटनेनंतर दिसतात. आठवड्यातला अर्धा दिवस बातमीशिवाय फिरण्यासाठी राखून ठेवा, तोही संपादकांच्या लेखी परवानगीने, नाहीतर तो पहिल्याच घाईत गिळला जातो. यंत्र पिशवीत ठेवा. दवाखान्याच्या रांगेत, बस थांब्यावर, शाळेच्या फाटकाशी बसा आणि विचारा, ‘रेडिओवर काय ऐकायला मिळत नाही?’ कोणत्या भाषा कानावर पडतात ते टिपा. १९९५ च्या भूकंपानंतर जपानच्या कोबे शहरात परदेशी रहिवाशांना मदतीची माहिती जपानीतून कळत नव्हती. तिथल्या रहिवाशांनी आणि स्वयंसेवकांनी कोरियन, व्हिएतनामी आणि इतर भाषांत छोटं प्रसारण सुरू केलं आणि त्यातून एफएम वायवाय हे सामुदायिक स्टेशन उभं राहिलं. गरज भूकंपाआधीही होती.

आपत्तीची तयारी

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने अमेरिकेतल्या ॲशव्हिल भागात वीज, मोबाइल, इंटरनेट आणि नळाचं पाणी एकाच वेळी तोडलं. लोक बॅटरीवरचे आणि गाडीतले रेडिओ लावून बसले. ब्लू रिज पब्लिक रेडिओ हे तिथलं सार्वजनिक स्टेशन, प्रशासनाच्या पत्रकार परिषदा आणि पाणी कुठे मिळेल याची माहिती देत राहिलं. अशा वेळी सुंदर वृत्तांत नको असतो. जागा, वेळ, काय मिळेल, काय सोबत आणायचं, एवढं सावकाश, दोनदा सांगायचं. प्रत्येक सूचनेबरोबर ती किती वाजताची आहे ते सांगा, कारण कालची सूचना आज कोणाला बंद रस्त्यावर नेऊ शकते. ऐकीव गोष्ट खात्री झाल्याशिवाय हवेत जाऊ द्यायची नाही, मग दुसरं कोणी आधी देऊन मोकळं झालं तरी. त्यासाठी आज करायचं काम: महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, बॅटऱ्या भरलेल्या ठेवा, आणि स्टेशनचा जनरेटर कोण सुरू करतं हे विचारा.

बातमी गेल्यानंतर

प्रसारण झाल्यावर बातमीतल्या माणसांना फोन करा. काही चुकलं का, हे सरळ विचारा. चूक निघाली तर दुरुस्ती त्याच बातमीपत्रात, त्याच वेळेला, स्पष्ट शब्दांत जाऊ द्या: आम्ही काय सांगितलं, बरोबर काय आहे.

मूळ मुद्रण जपा. फाइलला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव द्या. ‘नवीन ध्वनिमुद्रण २७’ अशा नावाची फाइल वर्षभराने कोणालाच सापडत नाही. गुप्ततेचं वचन दिलेल्यांचं मुद्रण वेगळं, कुलूपबंद ठेवा. एक प्रत स्टेशनबाहेर असू द्या.

आणि बातमी गेली त्या दिवशीच डायरीत तीन तारखा लिहा: एक महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने. त्या तारखेला त्याच विहिरीवर जा. तोच मायक्रोफोन, तीच जागा, शक्य तर तीच बाई. बादली पाण्यात पडल्याचा आवाज पुन्हा घ्या, निदान दोन मिनिटं. नळ आला असेल तर विहिरीवर शांतता असेल; तीही मुद्रित करा. नळ आला नसेल तर ठरावाची तारीख घेऊन सभागृहात जा आणि त्याच अधिकाऱ्यांना तोच प्रश्न विचारा: कोण करणार, कधीपर्यंत?